ग्रबचा मेनू गायब, पण ग्रब ठणठणीत

घरच्या डेस्कटॉपची पुढची नोंद. एका एसएसडीवर विंडोज, दुसऱ्यावर उबुंटू (लिनक्स), दोघांत मिळून एकच ईएफआय पार्टिशन (सुरू होण्याच्या फाइलींचा भाग). गणपतीला गावी निघताना आईने नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला. ठाण्यात परतून मशीन लावलं तर उबुंटू सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामचा मेनू नाहीच, थेट विंडोज.

अशा वेळी ग्रब पुन्हा बसवायला बहुतेकांचा हात लाइव्ह पेनड्राइव्हकडे (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) जातो. मी आधी एफ११ दाबून मदरबोर्डचा बूट मेनू काढला. यादीत उबुंटू होतं, आणि निवडल्यावर मुकाट सुरूही झालं. म्हणजे शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम), ग्रब, सगळं जागच्या जागी. बिघडला तो फक्त बूट क्रम, म्हणजे आधी कोण सुरू होणार ते. ईएफआयबूटएमजीआर या लिनक्सच्या कमांडने तेच दाखवलं: विंडोज बूट मॅनेजर पहिला, उबुंटू मागे. क्रम फिरवला, मेनू परत आला. प्रश्न उरला, तो बदलला कुणी?

अपडेटवर खापर फोडणं सोपं, पण मशीन तर बंद होतं. मग मुद्दाम करून पाहिलं. नुसतं शटडाउन केलं तर क्रम टिकतो. भिंतीवरचा खटका बंद ठेवला की जातो. खटका चालू असेपर्यंत एसएमपीएसचा (संगणकाच्या पॉवर सप्लायचा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डावरचं घड्याळ सांभाळतो, तो गेला की भार बोर्डावरच्या छोट्या गोल सेलवर. आता संशय सेलवर, कारण तो मेला तर बोर्डाची सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात.

हा सेल मेला तरी दुहेरी बूटवाल्याच्या पटकन लक्षात येत नाही, याचं कारण गमतीशीर आहे. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, त्यामुळे विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसणं आपल्या अंगवळणी पडलेलं. त्यात नेट जोडलं की वेळ आपोआप दुरुस्त होते, पुरावाच पुसला जातो. पण लिनक्सच्या डीमेसेज या नोंदींमध्ये आरटीसी (बोर्डाचं घड्याळ) शोधा. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) सुरुवातीला बोर्डाकडून कोणती तारीख घेतली ती ओळ तिथे असते. माझ्याकडे १ जानेवारी २०१९! सेलला मल्टिमीटर लावला, २.४ व्होल्ट. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो.

गोखले रोडजवळच्या घड्याळवाल्याकडे सीआर२०३२ सेल मिळाला. सीआर२०२५ देऊ लागला तर घेऊ नका, तो २.५ मिमी जाड, आपल्याला ३.२ लागतो, नाहीतर खाचेत सैल बसतो. सेल काढण्याआधी पॉवर केबल काढा आणि बायोसच्या (बोर्डाच्या सेटिंगच्या) पानांचे फोटो घेऊन ठेवा. बूट क्रम पुन्हा लावता येतो. पण साटा मोड (बोर्ड डिस्कशी कसं बोलतो ते) एएचसीआयवरून रेडवर (आरएआयडी) गेला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल आणि आपण भलतीकडेच शोधत बसू.

हात लागलाच होता म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) रिअलटाइमइजयुनिव्हर्सल १ केलं (साडेपाच तासांचा घोळ मिटला) आणि फास्ट स्टार्टअप (विंडोजचं अर्धवट बंद होणं) बंद केलं, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतंच उघडतं.

नव्या सेलनंतर खटका रात्रभर बंद ठेवून पाहिला. क्रम जागेवर, तारीखही बरोबर. बाकी आहे ते ग्रबच्या मेनूत विंडोज आणणं: ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो, तो चालू करून अपडेट-ग्रब ही मेनू नव्याने बनवणारी कमांड चालवायचीय. तोवर विंडोजसाठी एफ११.