हरकत की सूचना?

सोलापुरात अशोक चौकातून आत वळलं की माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतोय. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, विडी कामगारांच्या पोरांची शिष्यवृत्ती. 'वरील विषयास अनुसरून' एवढं तर बोटं मला न विचारताच टाइप करतात. पण स्वतःच्या नावानं अर्ज करायची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या मार्चमध्ये एक गिऱ्हाईक पेपर विसरून गेलं. दुपारी लाइट गेलेली, म्हणून मी जाहीर नोटिशींचं पान वाचत बसलो. ते पान एरवी कोण वाचतं! त्यात आमच्या बागेचा सर्व्हे नंबर दिसला.

बाग म्हणजे फार काही नाही. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला, मधे घसरगुंडीचा सांगाडा आणि नऊ कडुनिंब. सकाळी पेन्शनर फिरतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. भर दुपारी मात्र तिथं विडी कारखान्यातून परतणाऱ्या बायका टेकतात. तयार विड्या देऊन, छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघाली यावर वाद घालून, पुढच्या पान-तंबाखूची पिशवी मांडीशी घेऊन अर्धा तास बसतात, भाकरी खातात. एप्रिलात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पूर्व भागात बाईमाणसाला फुकट बसता येईल अशी दुसरी सावली मला तरी माहीत नाही.

नोटीस सरकारी मराठीत होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७, 'किरकोळ फेरबदल'. तीनदा वाचल्यावर कळलं की बागेचं जे आरक्षण आहे, म्हणजे शहराच्या आराखड्यात बागेसाठी राखलेली जी जागा, त्यातली रस्त्याकडची पट्टी वाहनतळासाठी काढायची आहे. हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी द्याव्यात, नकाशा कार्यालयीन वेळेत पाहता येईल.

नकाशा बघायला महापालिकेत गेलो. पहिल्या खेपेला साहेब साइटवर होते. दुसऱ्या खेपेला नकाशा सापडला, कपाटाच्या वर, गुंडाळी करून. एक नव्हे, दोन निघाले. पहिला आरक्षणाचा. दुसरा रंगीत, नाल्याच्या सुशोभीकरणाचा: दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती, नाल्याच्या एका तुकड्यावर स्लॅब, वर पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, संगीत कारंजं आणि एक सेल्फी पॉइंट. फोटो काढू देईनात. हातानं उतरवून घ्या म्हणाले. माझ्या खिशात फूटपट्टी असतेच. प्रमाण १:५००, म्हणजे एक सेंटिमीटरला पाच मीटर. वाहनतळाची पट्टी २.४ सेंटिमीटर भरली. बारा मीटर. आणि दोन्ही नकाशांत झाड एकही नव्हतं.

संध्याकाळी बागेत जाऊन मोजायला घेतलं. लांब टेप कुठली असणार, शेजारच्या टेलरची मागून आणली. साठ इंची टेप आठ वेळा टाकायची, प्रत्येक वेळी खडूनं खूण. पोरं खेळ थांबवून बघायला आली. एक म्हणतो, "काय मामा, बागंला शर्ट शिवायचाय काय?" बारा मीटर जिथं संपले तिथं पाहिलं, तर नऊपैकी पाच कडुनिंब पट्टीच्या आत.

मग बायकांकडे गेलो. "आम्हाला काय विचारता अन्ना, करणारे करतेत," हे पहिलं उत्तर. कारंजं होणार म्हटल्यावर हसू फुटलं. पण एकीनं 'मुतारी' हा शब्द काढला आणि मग थांबेनात. बायकांसाठी मुतारी, प्यायच्या पाण्याचा नळ, कडुनिंबाभोवती टेकायला पार. कट्ट्याला लोखंडी नको, उन्हात चटका बसतो. सेल्फी पॉइंटचं नाव एकीनंही काढलं नाही.

मी त्यात माझीही भर घातली. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात नाल्याचं पाणी बागेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, पंपाच्या खोलीवर त्याची गाळाची रेघ अजून आहे. आमच्याकडे पाऊस तसा बेताचा, पण एखाद्या रात्री असा कोसळतो. त्या दिवशी पाणी पसरायला बागेची माती होती. भिंती आणि स्लॅब घातल्यावर ते कुठं जाणार, हा माझा मुद्दा. असं करत अर्ज अकरा मुद्द्यांचा झाला. खाली सत्तावीस सह्या. त्यातल्या सर्वांत वयस्कर अक्कांनी अंगठा द्यायला साफ नकार दिला आणि तेलुगूत सही केली, ठसठशीत, दोन ओळींची जागा घेऊन.

आवक खिडकीवरच्या माणसानं पान उलटंसुलटं करून विचारलं, "ही सही आहे का नक्षी?" अक्का सोबत होत्या. म्हणाल्या, "नाव आहे माझं. तुम्हाला वाचता येईना, त्याला मी काय करू?" त्यानं मुकाट शिक्का मारला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. हे सगळ्यांना सांगतो तसं स्वतःही केलं. पोहोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं धरून चालायचं.

दीड महिन्यानं सुनावणीचं पत्र आलं. सकाळी अकराची वेळ. माझ्याबरोबर तिघी आल्या. मजुरी हजार विड्यांवर असते, त्यामुळे तो दिवस त्यांचा कोरा गेला. नंबर लागेपर्यंत दीड वाजला. बाकावर बसून अक्का पदराखाली नुसतीच बोटं हलवत होत्या, विडी वळल्यासारखी.

अधिकारी सभ्य होते, हे सांगितलं पाहिजे. खुर्च्या द्यायला लावल्या. मग अर्ज चाळून विचारलं, "तुमची ही हरकत आहे की सूचना?"

मी गडबडलो. म्हटलं, "दोन्ही."

"तसं नाही. ही सुनावणी फक्त आरक्षणाच्या फेरबदलाची. अकरापैकी तुमचे दोन मुद्दे इथले. बाकी नऊ इथं घेता येत नाहीत. मुतारी, नळ, नाला, ते सगळं वेगळ्या टेबलाचं."

मला लाज वाटली. एक विषय, एक अर्ज, हे मी रोज गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. स्वतःच्या वेळी सगळं एका कागदात कोंबलं होतं. दोन मुद्दे मात्र नीट मांडले: पट्टी बारा मीटरची आहे, तिच्यात पाच कडुनिंब येतात, आणि तुमच्या नकाशात ते नाहीत. टेलरच्या टेपची मापं कागदावर होती. साहेबांनी नकाशा पुन्हा उघडला, बघितलं, पेन्सिलनं पाच टिंबं काढली. आख्ख्या तीन महिन्यांत मला सर्वांत भारी वाटलेली गोष्ट ती पाच टिंबं.

उठता उठता अक्का बोलल्या. "साहेब, एक विचारू? कारंज्याला पाणी कुठनं आणणार? आमच्या घरला चार दिवसांनी येतंय."

"तो विषय आज नाही," साहेब म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. आधी थोडं थांबले.

कागदावर काय उतरलं ते बघायला माहितीचा अधिकार वापरला. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अठ्ठाविसाव्या दिवशी इतिवृत्ताची नक्कल आली. झाडांची नोंद होती, मापांसकट. कारंज्याचा प्रश्न नव्हता. फेरबदलाचा प्रस्ताव हरकतींसह मंजुरीला राज्य शासनाकडे जातो, तसा गेला. अजून तिथेच आहे. तोवर पट्टीला कुणी हात लावलेला नाही, आणि सावली जागेवर आहे.

उरलेल्या नऊ मुद्द्यांचे मी तीन अर्ज केले, तीन टेबलांना. झाडांच्या अर्जात राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३ चा आदेश जोडला: बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवा. टेबलावरचा म्हणाला, हा दिल्लीचा आहे. मी म्हटलं, झाड इथून तिथून सारखंच की. त्यानंच एक कामाची गोष्ट सांगितली. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानं तोडायच्या झाडावर आधी नोटीस चिकटवावी लागते आणि हरकतीला सातच दिवस मिळतात. तेव्हापासून रोज सकाळी नऊही बुंधे बघून येतो. आजवर शिकवणीच्या आणि मोबाइल दुरुस्तीच्या जाहिरातीच सापडल्यात.

नळ आला. त्याला तोटी दुसऱ्यांदा बसवावी लागली, पहिली आठवड्यात गेली. मुतारीचं 'तरतुदीनुसार विचार करण्यात येईल' असं उत्तर आहे, म्हणजे काय ते टाइप करणाऱ्याला कळतं. नाल्याच्या अर्जाला उत्तरच नाही.

मागच्या आठवड्यात आतल्या वाटेवर पेव्हर टाकायला माणसं आली आणि कडुनिंबांभोवती चुन्यानं गोल आखून गेली. मी टेलरकडून टेप आणली. बुंध्यापासून रेघेपर्यंत चोवीस इंच. म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर. अक्का पिशवी घेऊन बसल्याच होत्या. म्हणाल्या, "कमी हाय?"

"चाळीस सेंटिमीटर."

"मग लिवा."

लिहिलंय. एकच विषय, एकच मुद्दा, अर्धं पान. या खेपेला पहिली सही त्यांची आहे. उद्या अकरा वाजता आवक खिडकी उघडली की देतो.