२०२३ची मुख्य भूमिकांची यादी: पाच नावं पक्की, क्रम अजून नाही

२०२३च्या चित्रपटांतल्या सर्वोत्तम मुख्य भूमिकांची माझी यादी पाचांवर आली: कोजी याकुशो, सँड्रा ह्युलर, लिली ग्लॅडस्टोन, मामुट्टी, विक्रांत मॅसी. किलियन मर्फी बाहेर गेला. ऑस्कर त्याला मिळालंय, त्यामुळे शिव्या बसणार, बसू देत. महत्त्वाचे प्रसंग मी दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघतो. ‘ओपनहायमर’मध्ये तसं केल्यावर जाणवलं, की त्या चेहऱ्यावर आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं संगीत आणि एडिटिंग आपल्याला सांगत असतं. काम उत्तमच आहे, पण या पाचांच्या पुढे नाही.

मुख्य भूमिका कशाला म्हणायचं, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पडद्यावरची मिनिटं मोजणं मला पटत नाही. ‘द सायलेन्स ऑफ द लँब्ज’मध्ये अँथनी हॉपकिन्स अर्ध्या तासाहूनही कमी दिसतो, तरी ऑस्कर मुख्य अभिनेत्याचं. बॅरी फिट्झजेराल्डला तर १९४४च्या ‘गोइंग माय वे’मधल्या एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक अशी दोन्ही नामांकनं मिळाली होती; मग अकादमीला नियम बदलावा लागला. माझी कसोटी साधी: हे पात्र काढलं तर गोष्ट उरते का? ग्लॅडस्टोनची मॉली मधला बराच काळ अंथरुणाला खिळलेली असते, तरी तिच्याशिवाय ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ म्हणजे निव्वळ गुन्ह्यांची जंत्री. शिवाय ऐकताना काय अभिनय करायचा असतो, हे तिच्याकडून शिकावं. ‘बाईपण भारी देवा’पुढे मात्र ही कसोटी चालत नाही. सहा बहिणींपैकी एकीला मुख्य ठरवायचं म्हणजे बाकीच्या पाचजणींवर अन्याय. तो चित्रपट यादीबाहेर ठेवलाय, नाइलाजाने.

मॅसी आणि मामुट्टी चौथ्या-पाचव्या जागेसाठी. ‘ट्वेल्थ फेल’मध्ये मॅसीचं खरं यश पहिल्या अर्ध्या तासात आहे, शेवटच्या रडण्यात नव्हे. ‘काथल’मधला मामुट्टी इतकं कमी करतो, की आधी वाटतं काहीच करत नाहीये. आज तरी तो वर.

पहिल्या जागेसाठी भांडण आहे ते याकुशो आणि ह्युलरमध्ये. ‘परफेक्ट डेज’चा शेवटचा शॉट सगळ्यांना आठवतो: गाडी चालवणारा हिरायामा, म्हणजे याकुशोचं पात्र, हसू आणि रडू एकमेकांत मिसळलेलं, कट नाही. पण मला तो त्याआधीच जिंकून गेला होता, स्वच्छतागृहं घासताना. हात असे चालतात, की हा माणूस वर्षानुवर्षं हेच करतोय याची शंकाच येत नाही. कान महोत्सवाचा पुरस्कार उगीच नाही मिळाला. ह्युलरचं काम याच्या उलट, पूर्णपणे शब्दांतलं. ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये ती जर्मन लेखिका आहे, खटला फ्रेंचमध्ये चालतो, आणि अडलं की ती इंग्रजीकडे वळते. ती भाषा बदलते ती अडचणीमुळे की सोयीसाठी, हे ती शेवटपर्यंत कळू देत नाही. नवऱ्याबरोबरच्या भांडणाचा प्रसंग आवाज बंद करून बघण्यात अर्थच नाही, म्हणजे माझी पद्धत इथे तोकडी पडते.

त्यात ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ही तिचाच, त्याच वर्षीचा. पहिल्या ऑस्करला जॅनेट गेनरला तीन चित्रपटांसाठी मिळून एकच पुरस्कार दिला होता. तसं जोडून धरलं तर ह्युलर सहज पहिली येते. पण मी भूमिका तोलतोय, कलाकाराचं वर्ष नाही. म्हणून सध्या याकुशो केसभर पुढे, आणि ह्युलरचं कोर्ट अजून एकदा बघणार आहे.