रक्सौल ते काठमांडू, कांद्याच्या ट्रकामागून

पशुपतिनाथाला जाणारे बहुतेक मराठी लोक एकतर विमानाने जातात नाहीतर गोरखपूर-सोनौलीवरून, टूरवाल्यांचा तो ठरलेला रूट आहे. आम्ही रक्सौल-बीरगंजवरून गेलो (रक्सौल बिहारात, बीरगंज पुलापलीकडे नेपाळात) आणि त्याला कारण कांदा. माझा मेव्हणा पिंपळगावला कांद्याचं खळं चालवतो, त्याचा थोडाफार माल व्यापाऱ्यांमार्फत नेपाळला जातो, आणि दरवेळी निर्यातबंदी झाली की तो म्हणायचा, "दाजी, बांगलादेशचं सगळे बोलतात, नेपाळचं कोणी बोलत नाही. एकदा बघून येऊ तिकडं काय होतं ते." २०२४ च्या नोव्हेंबरात योग आला. एकच अट, २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, त्याच्या आत परत यायचं.

आधी ट्रेनचं. नाशिकरोडहून पवन एक्सप्रेसने मुझफ्फरपूर, दीड दिवस धरा. छठ नुकतीच झालेली, त्यामुळे बिहारकडे जाताना डबा चक्क मोकळा आणि समोरून येणाऱ्या गाड्यांना माणसं लटकलेली. छठच्या आधी आठवडाभर या रूटला जाऊच नका, रिझर्वेशन असलं तरी स्वतःच्या सीटपर्यंत पोचायचे वांदे. मुझफ्फरपूरहून मोतिहारी, सुगौली करत रक्सौल. सुगौलीला गाडी बराच वेळ थांबली म्हणून चहाला उतरलो. शाळेत सुगौलीचा तह म्हणून जे पाठ केलं होतं (डिसेंबर १८१५ ला सही, मार्च १८१६ ला पक्का) ते हेच गाव. इंग्रज आणि गोरखे लढले आणि आजची सीमा बऱ्यापैकी या तहातून आली. फलाटावर त्याचं काही नव्हतं, भाजलेले चणे मात्र फर्स्ट क्लास.

रक्सौल गाव म्हणजे धूळ, टांगे आणि ई-रिक्षा. इथे पहिली गोष्ट समजून घ्या, माणसांची वाट वेगळी आणि मालाची वेगळी. ट्रक गावाबाहेरच्या मोठ्या चेकपोस्टमधून जातात, नेपाळच्या बाजूचं त्याचं जोडीदार चेकपोस्ट २०१८ मध्ये सुरू झालं. तुम्ही आम्ही जुन्या पुलावरून चालत जायचं, आपल्याला व्हिसा लागत नाही, टांगेवाला तर थांबतही नाही. पण ओळखपत्र पासपोर्ट किंवा मतदार कार्डच ठेवा. नुसतं आधार धरत नाहीत, १५ च्या आतल्या पोरांना आणि ६५ च्या वरच्यांना सवलत आहे. आमच्याकडे मतदार कार्ड होतं, मतदानासाठी तसंही शोधून ठेवलेलंच होतं.

तो पूल म्हणजे मितेरी पूल. मितेरी म्हणजे मैत्री, आपण गावाकडे मैतर म्हणतो त्यातलाच शब्द. खाली सिरसिया नदी वाहते, वास येतो, नाक दाबूनच जा. आणि याच मैत्रीच्या पुलावर २०१५ मध्ये लोक ठिय्या मारून बसले होते. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईतले, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातले, मधेशी पक्ष म्हणाले आम्हाला त्यात डावललं, आणि त्यांनी इथे नो मॅन्स लँडमध्ये बसून रस्ता बंद केला. नेपाळ म्हणालं ही भारताने केलेली नाकाबंदी, भारत म्हणाला आंदोलन तुमच्या बाजूला आहे, ड्रायव्हरांना भीती वाटते म्हणून ट्रक जात नाहीत. खरं काय यावर आम्ही पुलावर उभं राहून दोन चहा संपवले, निकाल लागला नाही. पण जवळपास पाच महिने, फेब्रुवारी २०१६ पर्यंत, या एका पुलावरून ट्रक गेले नाहीत आणि अख्ख्या देशाचं कंबरडं मोडलं, तेही एप्रिलच्या भूकंपानंतर सहा महिने झाले नव्हते तेव्हा.

बीरगंजच्या लॉजची मालकीण भोजपुरी बोलणारी, माहेर पलीकडे रक्सौलजवळचं. त्या म्हणाल्या, तेव्हा सिलिंडर अर्धा भरून मिळायचा आणि तोही रांग लावून, मग इंडक्शनची शेगडी घेतली तर लाइट जायची, शेवटी अंगणात चूल मांडली. "हमार नइहर ओह पार, ससुराल एह पार," असं म्हणून त्या हसल्या. माहेर पूर्ण सहा किलोमीटर पण नसेल तिथून, आणि त्या काळात भाऊ सायकलवर डब्यातून रॉकेल आणून द्यायचा म्हणे. मोठा ट्रक अडतो, सायकल कोण अडवणार.

पैशाचं लक्षात ठेवा. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा भाव १९९३ पासून तोच आहे. बीरगंजमध्ये आपले पैसे सरळ चालतात, पण आम्ही गेलो तेव्हा १०० पर्यंतच्याच नोटा चालत होत्या आणि आमच्याकडे सगळ्या ५०० च्या. रक्सौलच्या एका पानटपरीवर सुट्ट्या करून घेतल्या, त्याने कमिशन कापलं ते कापलंच वर फाटक्या नोटा दिल्या. हे नियम नंतर बदलायला लागलेत, निघण्याआधी बघून घ्या. काठमांडूत फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, मार्च २०२४ पासून, पण तिकडचं फोनपे वेगळं आहे, आपलं ॲप नव्हे, यात मेव्हण्याचा फार घोळ झाला. आणि सामान! तिकडे कस्टमला भन्सार म्हणतात, शंभर नेपाळी रुपयांच्या वरच्या वस्तूवर भन्सार लागू शकतो, म्हणजे आपले साठ-बासष्ट रुपये. वापरातल्या कपड्यांना काही नाही, पण नवी साडी, मिठाईचे बॉक्स घेऊन जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या आमच्यासमोर उघडल्या. सीमेपलीकडे लेक दिलेल्या माणसाला याचा किती त्रास होत असेल बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हण्याच्या ओळखीने एका क्लिअरिंगवाल्या (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या) दादाबरोबर सिरसियाच्या ड्राय पोर्टच्या, म्हणजे जमिनीवरच्या बंदराच्या, बाहेरपर्यंत गेलो. आत सोडत नाहीत, अपेक्षाही ठेवू नका. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळे चीन, कोरिया, अर्जेंटिना कुठूनही माल येवो, जहाज लागतं कोलकाता नाहीतर हल्दियाला (आता विशाखापट्टणमही आहे), तिथून डब्बा (कंटेनर) मालगाडीवर चढतो आणि सातशेच्या आसपास किलोमीटर येऊन थेट इथे उतरतो. २००४ पासून हे चालू आहे. पूर्वी प्रत्येक डब्याच्या कागदपत्राला बंदरात आणि परत सीमेवर शिक्के, कागद उशिरा म्हणून डब्बा अडकलेला, डब्बा अडकला म्हणून भाडं चढलेलं. आता डब्याला इलेक्ट्रॉनिक कुलूप लागतं, कुठे आहे ते दिसतं. आणि २०२१ पर्यंत या लाइनवर मालगाडी चालवायचा हक्क एकाच सरकारी कंपनीला होता, तो त्या वर्षी बाकीच्यांना उघडला. दादा म्हणाला, "बंदर आमचं नाही, गाडी आमची नाही, रूळ आमचे नाहीत, फक्त डब्यातला माल आमचा. आणि परत जाताना डब्बा रिकामा." आम्ही बघत असताना रिकाम्या डब्यांचीच रांग होती.

पण एक माल तेव्हा भरभरून खाली भारतात येत होता आणि तो ऐकून मेव्हणा उडालाच. खायचं तेल. नेपाळात सोयाबीन होतं तरी कितीसं? पण कच्चं तेल कोलकात्यावरून याच रस्त्याने वर येतं, बीरगंज-पथलैया रोडला ओळीने कारखाने आहेत तिथे रिफाइन होतं, आणि साफ्टा करारामुळे (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापाराचा करार) शून्य ड्युटीने परत भारतात. १४ सप्टेंबर २०२४ ला भारताने कच्च्या तेलावर २० आणि रिफाइंडवर ३२.५ टक्के बेसिक ड्युटी लावली, आपल्याकडे सोयाबीनला भाव नाही, शेतकरी चिडलेला, तोंडावर निवडणूक, म्हणून. त्याच आठवड्यात कांद्यावरची निर्यात ड्युटी ४० ची २० केली, तेही त्याच निवडणुकीच्या तोंडावर. म्हणजे दिल्लीत लातूर-लासलगावकडे बघून कागद निघाला आणि तिसऱ्या महिन्यात बीरगंजच्या कारखान्यांना जत्रेचं स्वरूप. आमच्या गावच्या सोयाबीनवाल्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे अजूनही संशयाने बघतात.

आता काठमांडूला कसं जायचं. तीन रस्ते आहेत. मोठी बस आणि ट्रक नारायणगढ-मुगलिनवरून फिरून जातात, लांब पण त्यातल्या त्यात सरळ. दुसरा जुना त्रिभुवन राजपथ, दामनवरून, २४८८ मीटरच्या खिंडीतून, भारताने १९५० च्या दशकात बांधून दिलेला, हवा साफ असेल तर हिमालयाची अख्खी रांग दिसते म्हणतात. तिसरा हेटौडा-भीमफेदी-कुलेखानीवरून शेअर सुमो, सगळ्यात जवळचा, आम्ही यानेच गेलो. ज्याला गाडी लागते त्याने इथून जाऊ नये. मी स्वतःवरून सांगतोय. त्यात सप्टेंबरअखेरच्या पुराने रस्ता जागोजाग खाल्लेला, एके ठिकाणी ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवून रिकामी गाडी काढली. पहिली सुमो तर चुकलीच होती आमची. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, आम्ही रक्सौलच्या टायमात नाश्ता करत बसलो आणि गाडी वेळेवर निघून गेली.

भीमफेदीला चहाला थांबलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाजेंनी (आजोबांना तिकडे बाजे म्हणतात) समोरचा डोंगर दाखवला. राजपथ होण्याआधी गाडीरस्ता इथेच संपायचा. रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे होती, १९२७ ची, नंतर बंद पडली. भीमफेदीच्या पुढे काठमांडूच्या राणांच्या (तेव्हाचं सत्ताधारी घराणं) मोटारी माणसं खांद्यावर वाहून न्यायची, बांबूंच्या सांगाड्यावर, डझनावारी हमाल एका गाडीला. मोटार राजधानीत आधी पोचली आणि मोटारीचा रस्ता नंतर.

अमलेखगंज मात्र आजही महत्त्वाचं आहे, ते वाटेत लागतं, डावी-उजवीकडे टाक्या दिसतील. मोतिहारीहून ६९ किलोमीटरची पाइपलाइन इथे येते, सप्टेंबर २०१९ ला चालू झाली, दक्षिण आशियातली देशाबाहेर जाणारी पहिली तेलाची पाइप. विचार १९९६ पासून चालू होता, पण नाकाबंदीनंतर हललं. मला यातली गंमत अशी वाटते की नाकाबंदीत नेपाळने चीनकडे हात पुढे केला, चीनने तेरा लाख लिटर पेट्रोल फुकट दिलं, २०१६ ला ट्रान्झिटचा करार झाला, २०१९ ला चीनची चार बंदरं वापरायला मिळाली, कागदावर. तियानजिन बंदर सीमेपासून तीन हजार किलोमीटरच्या पुढे. कोलकाता हजाराच्या आत. माणूस कितीही रागावला तरी किराणा जवळच्याच दुकानातून आणतो. आणि उत्तरेचा रस्ता भरवशाचा नाही तो नाहीच, आम्ही आल्यावर जुलै २०२५ मध्ये रसुवागढीचा चीन-नेपाळ पूल पुरात वाहूनच गेला. पण चीनशी बोलणी झाल्यामुळे खाली दिल्लीला पाइपलाइनची घाई झाली असं मला तरी वाटतं. तो रस्ता न वापरताच कामाला आला म्हणायचा.

काठमांडूत पशुपतिनाथ, स्वयंभू वगैरे केलं, त्याचं लिहीत नाही, सगळीकडे आहे. आमचं खरं देवस्थान कालिमाटी भाजी मार्केट. पहाटे पाचला जा. भाषेचा प्रश्न नाही, मेव्हण्याने कांदा हातात घेऊन साल काढली आणि पाठीमागच्या भय्याला तालुका सांगितला. २०१९, २०२०, २०२३, प्रत्येक बंदीत इथे भाव कुठच्या कुठे गेला, आणि डिसेंबर २०२३ ला चीनचा कांदा आला होता, मोठ्ठा, पाणचट, हॉटेलवाले पण घेईनात. त्यात त्याच वर्षी नेपाळ सरकारने कांदा-बटाट्यावर १३ टक्के व्हॅट लावलेला. विक्रेत्या ताई म्हणाल्या, तुमच्याकडे बंदी झाली की आम्हाला शिव्या पडतात, गिऱ्हाईकाला वाटतं आम्हीच लपवला. मेव्हणा म्हणाला, बंदी झाली की आमच्याकडे तोच कांदा रस्त्यावर ओततात. दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी चहा मागवला.

१५ तारखेला संध्याकाळी हॉटेलच्या टीव्हीवर बातमी, नेपाळने भारताच्या तारांवरून बांगलादेशला ४० मेगावॅट वीज पाठवली, पहिल्यांदाच. हॉटेलचा पोऱ्या टीव्हीकडे बघून शिट्टी वाजवत होता. मला तर अंगणात चूल मांडलेली बीरगंजची मालकीण आठवली.

परत येताना मुद्दाम मुगलिनवरून दिवसाची बस घेतली. नागढुंगाच्या उतारावर ट्रकांची रांग लागते, तीन तास धरूनच चला, आम्ही गेलो तेव्हा तिथे जपानच्या मदतीने बोगदा होत होता. मलेखूला त्रिशूलीचे तळलेले मासे खा, घासाघीस करा. वाटेत सहप्रवासी सांगत होता की निजगढवरून नेपाळचं लष्कर काठमांडूचा फास्ट ट्रॅक, म्हणजे नवा वेगवान रस्ता, बांधतंय २०१७ पासून, आणि रक्सौल-काठमांडू रेल्वेचाही सर्व्हे झालाय. तो सर्व्हे आपल्या कोकण रेल्वेने केलाय म्हटल्यावर मेव्हण्याची छाती फुगली, बिहारातून नेपाळात जाणाऱ्या जयनगर-जनकपूरच्या गाड्यासुद्धा त्यांनीच दिल्यात. मग तो सहप्रवाशाला दरडी कोसळल्यावर कोकण रेल्वे काय करते ते तासभर समजावत होता, नेपाळी माणसाला, दरडींचं.

पुलावर परत येताना आपल्या बाजूला पिशवी तपासतात, बिहारात दारूबंदी आहे, बाटली ठेवू नका, सोबतचे दोघं तिथेच अडकले. आमच्या पिशवीत रुद्राक्ष आणि बीरगंजच्या कारखान्याची एक लिटर सोयाबीन तेलाची पिशवी, मेव्हण्याने पुरावा म्हणून घेतलेली. शिपायाने ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "यही लाने गए थे?" १९ ला रात्री नाशिकरोड, २० ला सकाळी मतदान. पिशवीतल्या तेलात मेव्हण्याच्या बहिणीने त्याच दुपारी भजी तळली, कांद्याची.