गाळलेला ठोका
आज कर्जत लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि ‘आर्टफुल डॉजर’ या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या जोडीचे गराज, म्हणजे तिथले एक नृत्यसंगीत, ऐकत बसलो. खिडकीच्या गजावर ठेका धरला, तर बोट सारखे एकटे पडू लागले. कारण गराजच्या टू-स्टेप या प्रकारात किक ड्रम (ठेक्याचा जड ढोल) प्रत्येक मात्रेवर न पडता मधल्या मात्रा गाळतो आणि ती पोकळी हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या संचातल्या झांजांची, झुलती चाल भरून काढते. (तबल्याच्या ठेक्यातली ‘खाली’, म्हणजे जोर नसलेली मात्रा, आठवली, पण तुलना फार ताणू नये.) १९९९ मध्ये या दोघांनी आपल्याच गावच्या, तेव्हा फारशा परिचित नसलेल्या क्रेग डेव्हिडला गायला घेतले आणि ते गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी क्रेग स्वतःच्या नावाच्या गाण्याने त्याच यादीत पहिला आला. त्यामागेही जोडीतला मार्क हिलच होता. बदलापूर केव्हा मागे पडले, ते कळलेच नाही.