चौथ्या सेलची गळती

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात राजापूरचा एक मुलगा रत्नागिरीला माझ्या दुकानात बॅटरी पॅक घेऊन आला. रिमोटच्या रेसिंग गाडीचा, ७.२ व्होल्टचा. सब-सी मापाचे सहा निकेल-मेटल हायड्राइड सेल, प्रत्येकावर ४२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे वीज साठवायची क्षमता) छापलेलं. तक्रार मात्र त्याने नेमकी सांगितली. "काका, रात्रभर हळू चार्ज केला की गाडी झकास पळते. पंधरा दिवस पडून राहिला नि मग फास्ट चार्ज करून लावला, की शर्यतीच्या आठ मिनिटांच्या फेरीत साडेसहाव्या मिनिटाला बसते. चार्जर तर फुल दाखवतो."

पॅक अखंड मोजून यात काही कळत नाही. पाच सेल १.१५ व्होल्टवर असले आणि सहावा उलटा होऊन (धन-ऋण अदलाबदल होऊन) उणे ०.३ वर गेला, तरी बेरीज ५.४५ येते. सहा सेल उतरवणं (डिस्चार्ज करणं) थांबवायची मर्यादा प्रत्येकी ०.९ च्या हिशेबाने ५.४. म्हणजे मीटरला सगळं ठीक, आणि आत एक सेल वायू धरून व्हेंटमधून, म्हणजे दाब सोडणाऱ्या छिद्रातून, पाणी गमावतोय. म्हणून सेल जोडणाऱ्या पट्ट्या काढून सहाही सेल सुटे केले. चौथ्याची पट्टी काही केल्या सुटेना, तिथला सोल्डरचा डाग बाकीच्यांपेक्षा जाड होता. तेव्हा लक्ष दिलं नाही, द्यायला हवं होतं.

प्रत्येक सेल वेगळा, ४ अँपिअरने चार्ज केला. व्होल्टेज शिखरावरून ४ मिलिव्होल्ट उतरलं की बंद. (निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला चार्जर १०-१५ मिलिव्होल्टची वाट बघत बसतो, तोवर हे सेल भाजून निघतात.) अर्धा तास गार होऊ दिले, मग ३० अँपिअरने ०.९ व्होल्टपर्यंत उतरवले. सहाही सेल ४६२ ते ४६८ सेकंदांत. अंतर्गत रोध सगळ्यांचा ४ मिलिओहमच्या आसपास. इतकी चांगली जुळणी विकतच्या मॅच्ड पॅकमध्येही नेहमी मिळत नाही.

त्या दिवशी पॅक बांधून दिला असता तर तो महिन्याभरात परत आला असता. 'पंधरा दिवस पडून राहिला' हे त्याचे शब्द डोक्यात होते. सहाही पुन्हा भरले आणि १४ दिवस उघड्या फळीवर ठेवले. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात मुद्दाम ठेवले नाहीत, पॅक त्याच्या घरीही पावसाळी हवेतच पडून असतो.

चौदा दिवसांनी पाच सेलनी ३८० ते ३९० सेकंद दिले. निकेल-मेटल हायड्राइडला आपल्या हवेत एवढी घट असतेच. चौथ्याने दिले २४८. इतरांपेक्षा १३८ सेकंद कमी, म्हणजे सुमारे ११५० एमएएच. ३३६ तासांना भागलं तर साडेतीन मिलिअँपिअरच्या आतबाहेर. एवढीशी गळती, पण फास्ट चार्जला पाच सेल भरले की त्यांच्या उतारावर चार्जर थांबतो आणि चौथा तेवढाच रिकामा राहतो. साडेसहाव्या मिनिटाचा हिशेब लागला.

असा सेल लोक फेकून देतात. आत सेपरेटर (धन-ऋण थरांमधला पडदा) फाटला असेल तर फेकायचाच. पण फेकण्याआधी बाहेरून बघितला. स्लीव्हची, म्हणजे सेलवरच्या वेष्टनाची, कड ब्लेडने उचलली, तर धन टोपीभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कड्यावर ओलसर, काचेसारखी चकाकणारी साय. व्हेंट गळून आलेला क्षार असता तर पांढरा, भुरभुरीत असता आणि व्हिनेगरच्या थेंबाने फसफसला असता. हा फसफसला नाही.

मग इन्व्हर्टरच्या बॅटरीवर रोज करतो तेच केलं. मल्टिमीटरची काळी सुई सेलच्या डब्याला, लाल सुई कड्याच्या मधोमध. ०.७ व्होल्ट, स्थिर. कोरड्या कड्यावर काहीच दिसायला नको. बाकी पाचांवर दिसलंही नाही. टोपी धन, डबा ऋण, मध्ये काही मिलिमीटरचं प्लॅस्टिक, आणि त्यावरून वीज निवांत झिरपत होती.

मुलाला फोन केला. चौथ्याची पट्टी सुटली होती, ती त्याने पन्हळींना डाग देणाऱ्याकडून लावून घेतली होती. पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात ते) म्हणजे झिंक क्लोराइड. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात श्रावणात हवेत पाण्याला काय तोटा!

स्लीव्ह पूर्ण काढली. टूथब्रश डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओलसर करून कडं दोनदा घासलं. सेल बुडवायचा नाही, टोपीखाली व्हेंट असतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि एक दिवस सिलिका जेलच्या डब्यात. सुई पुन्हा लावली तर शून्य. फायबर कागदाची नवी चकती, नवी स्लीव्ह, परत चार्ज, परत १४ दिवस त्याच फळीवर. या खेपेला ३७९ सेकंद, बाकीचे त्याच पट्ट्यात.

जोडताना ८० वॉटची रुंद टोकाची सोल्डरिंगची इस्त्री, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासलेली, राळेच्या फ्लक्सचं सोल्डर, तीन सेकंदांत हात मागे. छोट्या इस्त्रीने दहा सेकंद धरून बसलात तर टोपीखालचं सील जातं. पॅक बांधल्यावर ४२० मिलिअँपिअरने १५ तास भरला, म्हणजे सहाही एका पातळीवर आले.

मग मुलगा पॅक न्यायला आला. "नवीन सेलच टाकला असता तर?" म्हणाला. पाच जुन्यांत एक नवा घातला की जुने आधी संपतात आणि उलटे व्हायची पाळी त्यांच्यावर येते, हे सांगितलं. पॅक पूर्ण उतरवून ठेवू नकोस, थोडा चार्ज राहू दे, महिन्यातून एकदा हळू भर, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाक. पन्हळीवाल्याचं नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डाग मात्र त्याचा पक्का होता, पट्टी काढताना माझ्या इस्त्रीचं टोक काळं पडलं.