कधी बोलतो, कधी मुका: ब्राउझरच्या आवाजाचा चोर सापडला

मागच्या नोंदीत मी तावातावाने लिहिलं होतं की आठवड्याभरात फायरफॉक्समधून रोज आवाज यायला लागला नाही, तर पाइपवायर, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारा सर्व्हर, उपटून टाकेन आणि निव्वळ अल्सावर, म्हणजे कर्नलच्या मूळ आवाज-व्यवस्थेवर, परत जाईन. उपटावं लागलं नाही. काल रात्री दीड वाजता चोर सापडला आणि तो घरातलाच निघाला.

सेटअप तोच आहे: व्हॉइड लिनक्स, सर्व्हिसेस चालवणारा रनइट, खिडक्या सांभाळणारा डीडब्ल्यूएम आणि ग्राफिकल सत्र हाताने सुरू करणारा स्टार्टएक्स. लॉगिन मॅनेजर नाही, लॉगिन-सत्र आणि त्याची रनटाइम डिरेक्टरी सांभाळणारा एलॉगिंड नाही. पाइपवायर एक्सइनिटआरसी या स्टार्टएक्सच्या स्क्रिप्टमधून उठतो आणि वायरप्लंबर (जोडण्या ठरवणारा) व पाइपवायर-पल्स (जुन्या पल्सऑडिओ सर्व्हरच्या जागी काम करणारा) या दोघांना तोच उठवतो. एचडीएमआय शून्य नंबरचं, म्हणजे आपोआप निवडलं जाणारं, कार्ड होऊन बसण्याची भानगड आधीच मिटली होती. अल्सामिक्सर या आवाज-पातळीच्या साधनात कुठेही एमएम, म्हणजे म्यूटची खूण, दिसत नव्हतं. (अल्सामिक्सरइतकं प्रामाणिक साधन दुसरं नाही. म्यूट असेल तर म्यूट आहे असं तोंडावर सांगतं.)

तरीही फायरफॉक्स एखाद्या दिवशी दिवसभर छान वाजायचा आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर मुका. मध्ये एकही अपडेट नाही, कर्नल तोच. मुक्या दिवशी वर पिवळी पट्टी यायची: आवाजासाठी पल्सऑडिओ बसवावं लागेल. एमपीव्ही हा प्लेअर मात्र दोन्ही दिवशी ठणठणीत. त्यामुळे मी समजून चाललो की खालचं सगळं ठीक आहे आणि घोळ ब्राउझरमध्येच आहे. हा निष्कर्ष मला तीन आठवड्यांना पडला.

पिवळ्या पट्टीचं ऐकून मी खरोखरच पल्सऑडिओ बसवला. फायरफॉक्सला अल्साशी थेट बोलता येत नाही, २०१७ च्या ५२व्या आवृत्तीपासून अधिकृत बिल्डमधून तो आधार गेला, हे डोक्यात होतंच. म्हटलं, मागतोय तर देऊ. त्यावर ब्राउझर वाजायला लागला आणि एमपीव्ही मेला! फ्यूझर (कोणती फाइल कोणी धरली आहे ते सांगणारी कमांड) लावून डेव्ह-एसएनडी या साउंड कार्डाच्या डिरेक्टरीकडे पाहिलं तर पल्सऑडिओ कार्डावर मांडी घालून बसलेला, ‘डिव्हाइस बिझी’. म्हणजे पाइपवायर-पल्स चालू असताना त्याच्या शेजारी दुसरा सर्व्हर जन्माला आला होता. एकाच घरात दोन चुली कशा पेटल्या, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मी रागाने पल्सऑडिओ काढला आणि पुन्हा मूळपदावर आलो.

मग वही काढली. रोज तीन रकाने: वेळ, आवाज आला की नाही, आणि त्याआधी काय केलं. नवव्या दिवशी तिसरा रकाना बोलला. ज्या दिवशी फायरफॉक्स पहिल्यांदा डीमेन्यू या प्रोग्राम उघडायच्या मेन्यूतून उघडला, त्या दिवशी आवाज. ज्या दिवशी टर्मिनलमध्ये न्यूजबोट या फीड-वाचकात वाचता वाचता लिंक उघडली आणि त्यातून फायरफॉक्स सुरू झाला, त्या दिवशी सामसूम. एकदा चालू झालेला फायरफॉक्स पुढची प्रत्येक लिंक त्याच प्रोसेसमध्ये घेतो, म्हणून सकाळचं नशीब रात्रीपर्यंत टिकायचं. मी उगाच दुपारच्या दुपार अबाउट-कॉन्फिगमधल्या क्यूबेब या फायरफॉक्सच्या आवाज-लायब्ररीच्या सेटिंग चाळत बसलो होतो.

टर्मिनलमधून उघडल्याने काय बिघडतं, हे सांगितलं एमपीव्हीने. गाणं लावल्यावर तो एक ओळ छापतो: एओ (ऑडिओ आउटपुट), मग चौकटी कंसात आउटपुटचं नाव. मी ती ओळ शेकडो वेळा पाहिली असेल. काल पहिल्यांदा वाचली. कंसात ‘अल्सा’ होतं! पाइपवायर चालू आहे तर तिथे ‘पाइपवायर’ हवं. म्हणजे एमपीव्हीलाही सर्व्हर सापडत नव्हता. फरक इतकाच की तो कुरकुर न करता पाइपवायर, मग पल्स, मग अल्सा अशी दारं ठोठावत जातो. फायरफॉक्सकडे तिसरं दार नाही.

सर्व्हर शोधतात कुठे, तर एक्सडीजी रनटाइम डिर या व्हेरिएबलमध्ये लिहिलेल्या डिरेक्टरीत, तिथे सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी जोडायची जागा, असते. दोन टर्मिनल शेजारी उघडून दोन्हीकडे हे व्हेरिएबल छापलं. शेवटची तीन अक्षरं वेगळी! तिसरं टर्मिनल उघडलं, तिसरंच नाव. टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत जाऊन पाहिलं तर अशा २३ डिरेक्टऱ्या. एकीत पाइपवायरचं आणि पल्सचं सॉकेट, बाकीच्या ओस.

आता कबुली. एलॉगिंड नाही म्हणून हे व्हेरिएबल मी बॅशआरसी या शेलच्या स्क्रिप्टमध्ये स्वतः बसवलं होतं, मेकटेम्प कमांडने टीएमपीत नवी डिरेक्टरी करून. मूळ नमुन्यात आधी एक अट होती: व्हेरिएबल रिकामं असेल तरच. मला ती फालतू वाटली. मिनिमल राहायचं ना, म्हणून दोन ओळी वाचवल्या! बॅशआरसी तर प्रत्येक नव्या टर्मिनलमध्ये चालते. पाइपवायर पहिल्या शेलच्या डिरेक्टरीत बसून वाट पाहतोय आणि मी दर टर्मिनलला नवा पत्ता छापून देतोय. पल्सऑडिओची दुसरी चूलही याच कारणाने पेटली. नव्या पत्त्यावर कोणी नाही असं पाहून पल्सऑडिओच्या लायब्ररीने सर्व्हर आपणहून उठवला.

अट परत टाकली, लॉगआउट, लॉगिन, टर्मिनलमधून लिंक. वाजला! वायरप्लंबरच्या डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस या कमांडमध्ये स्ट्रीम्सखाली फायरफॉक्सचं नाव दिसलं आणि एमपीव्हीच्या कंसात ‘पाइपवायर’. ती ओळ मी पाच वेळा मुद्दाम छापून घेतली. हेडफोनमध्ये शांततेनंतर येणारा ‘टक्’ आवाजही जाता जाता घालवला: एसएनडी-एचडीए-इंटेल या साउंड ड्रायव्हरचं पॉवर सेव्ह शून्यावर आणलं.

पुढचा बेत असा होता की टीएमपी सोडून रन-यूजर-१००० हा नेहमीचा मार्ग वापरायचा. रन ही डिरेक्टरी बूटला रिकामी होते, म्हणून आरसी-लोकल या बूटला चालणाऱ्या स्क्रिप्टमधून आतली डिरेक्टरी बनवायची, मालकी बदलायची आणि परवानगी ७०० ठेवायची. तीन ओळींचं काम. पण हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की रनटाइम डिरेक्टरी सांभाळायला टर्नस्टाइल हे साधन आहेच, शिवाय ते यूजरच्या सर्व्हिसेसही चालवतं. मग पाइपवायरला एक्सइनिटआरसीत कोंबायची गरजच काय? रनइटच्या देखरेखीखाली टाकला तर पडला तरी आपोआप उठेल. एलॉगिंड बसवायची गरज त्यामुळे उरली नाही, आरसी-लोकलचीही.

एक्सबीपीएस या व्हॉइडच्या पॅकेज मॅनेजरने टर्नस्टाइल उतरवून ठेवलंय. मेकटेम्पची ओळ पुसलेली नाही, अटीसकट पुढे हॅश लावून, म्हणजे बंद करून, ठेवली आहे. आता रीबूट करतो.