हा पेपर कुणाचा?

बाबा सप्टेंबर 2024 मध्ये सांगलीहून आमच्याकडे केरीला आले, तेव्हा बॅगेत मेतकूट, भडंग, गोडा मसाला आणि एक जाड वही होती. सहकारी बँकेत ते तपासनीस होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण वही सुटलेली नाही. रोजचं तापमान, दुधाचा भाव, कोणी कधी फोन केला, सगळं त्या वहीत जातं.

केरी हे नॉर्थ कॅरोलिनातलं, राजधानी रॉलीला लागून असलेलं गाव. गाव म्हणायचं आपलं, चांगलं मोठं शहर आहे. शेजारी मॉरिसव्हिलला देऊळ, त्याच्या आसपास तीनचार भारतीय वाणसामानाची दुकानं, म्हणजे बाबांचं सगळं जमण्यासारखं. अडलं ते पेपरपाशी. सकाळी चहा झाला की दारात पेपर पडलेला नाही, ही गोष्ट त्यांना पहिले पंधरा दिवस पचलीच नाही. शेवटी नवऱ्याने त्यांना टॅबलेट दिला आणि इथल्या बातम्यांच्या चारपाच साइट लावून दिल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "अगं, हा पेपर कुणाचा?"

मी पाहिलं. "कॅरोलिना जर्नल, बाबा."

"नाव मला वाचता येतं. कुणाचा ते सांग."

प्रश्न अगदी सांगलीचा आहे. सामना हातात घेतला की तो ठाकरेंच्या शिवसेनेचा, हे नाव वाचायच्या आधीच ठाऊक असतं, तो स्वतःच मुखपत्र म्हणवतो. लोकमत दर्डांचा, सकाळ शरद पवारांच्या भावाकडे, हे चहाच्या टपरीवरचं पोरही सांगेल. आपण काय करतो, मालक कोण ते डोक्यात ठेवून बातमी वाचतो. भाजी तोलून झाल्यावर तराजूचा पासंग मनातल्या मनात वजा करावा तसं. मी इथे चौदा वर्षं राहते, टॅक्स भरते, मुलगी इथल्या सरकारी शाळेत जाते, आणि ज्या साइटवरून राज्याच्या बातम्या वाचते ती कुणाची याचा मी कधी विचारच केला नव्हता. जरा लाजच वाटली.

तर शोधलं. कॅरोलिना जर्नल जॉन लॉक फाउंडेशनचं. ही 1990 मध्ये रॉलीत निघालेली संस्था, कर कमी करा, सरकार लहान ठेवा या विचाराची. तिच्यामागे वर्षानुवर्षं मोठा पैसा पोप घराण्याच्या फाउंडेशनचा. आर्ट पोप हे स्वस्त मालाच्या दुकानांच्या साखळीचे मालक, रिपब्लिकन पक्षाचे इथले मोठे देणगीदार, आणि 2013-14 मध्ये गव्हर्नर पॅट मॅक्रोरी यांच्या सरकारात राज्याचं बजेट त्यांच्याच हातात होतं. म्हणजे सरकारवर लक्ष ठेवणाऱ्या पेपरचा पोशिंदा काही काळ सरकारातच बसला होता. त्यांच्या साखळीतल्या दुकानांचं नाव रोझेस. बाबांनी परतीच्या सामानासाठी नवी बॅग घेतली ती रोझेसमधूनच. हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे त्या पेपरात आपलेही दोन पैसे गेले म्हण की."

दुसरी साइट एनसी न्यूजलाइन. हिचं आधीचं नाव एनसी पॉलिसी वॉच, आणि तेव्हा ती डाव्या बाजूच्या एका संस्थेचा, नॉर्थ कॅरोलिना जस्टिस सेंटरचा, उपक्रम होती. सुरुवातीला पैसा दिला ए. जे. फ्लेचर फाउंडेशनने. इथे गंमत आहे. हे फ्लेचर रॉलीच्या डब्ल्यूआरएएल टीव्हीचे संस्थापक, स्वतः कडवे उजवे. जेसी हेल्म्स नावाच्या गृहस्थांना त्यांनीच 1960 पासून टीव्हीवर रोज भाष्य करायला बसवलं. नागरी हक्कांच्या चळवळीविरुद्ध बोलून बोलून हेल्म्स इतके प्रसिद्ध झाले, की पुढे तीस वर्षं सिनेटर राहिले. त्याच फ्लेचरांच्या नावाचा पैसा नातवाच्या काळात डावीकडच्या पेपरला गेला. बाबांना हे फार आवडलं. "घराणं एक, गट दोन. आपल्याकडे साखर कारखान्यात असंच होतं."

आता असे पेपर इतके वाढले का, तर जुने पेपर आटले म्हणून. प्यू रिसर्च सेंटरने देशभरातल्या राज्यांच्या विधिमंडळांत बसणारे बातमीदार मोजले. 2014 मध्ये त्यातले 604 वर्तमानपत्रांचे होते, 2022 मध्ये 448 उरले. याच काळात नफा न कमावणाऱ्या संस्थांचे बातमीदार 92 वरून 353 झाले, म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक. सगळ्याच संस्था राजकीय पैशावर चालत नाहीत, हे सांगायला हवं. काही खरोखर वाचकांच्या वर्गणीवर आणि कुठल्याच बाजूच्या नसलेल्या फाउंडेशनांवर उभ्या आहेत. पण राजधानीत रिकामी झालेली खुर्ची दिसली, की तिथे आपला माणूस बसवावा असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडे पैसाही असतो.

एका रिकाम्या दिवशी मी बाबांना रॉलीच्या विधिमंडळात घेऊन गेले. जोन्स स्ट्रीटवरची 1963 ची पांढरी इमारत, आत लाल गालिचा, पितळी दारं, मध्ये कारंजं. दारात बॅग तपासली आणि सोडलं आत. पास नाही, चिठ्ठी नाही, कुणाचा फोन नाही. बाबा एकदा बँकेच्या कामासाठी मंत्रालयात गेले होते, तेव्हा पासच्या रांगेत अर्धा दिवस गेला होता, त्यामुळे ते इथे जरा दबकूनच चालत होते. प्रेक्षकांच्या सज्जातून खालची रिकामी बाकं पाहताना मी त्यांना इथल्या आमदाराचा मूळ पगार सांगितला, 13,951 डॉलर. "महिन्याला?" वर्षाला, बाबा. 1990 च्या दशकापासून वाढलेला नाही. त्यांनी वही काढली आणि आकडा लिहून घेतला. मग हळूच म्हणाले, "एवढ्यावर भागवणारा माणूस एकतर पैसेवाला असणार, नाहीतर कुणाचा तरी असणार."

त्याच विधिमंडळाने 2023 च्या बजेटमध्ये एक कलम घातलं. आपली कोणती कागदपत्रं जनतेला दाखवायची आणि कोणती नाही, हे आता आमदार स्वतःच ठरवतात. आपल्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून कंटाळलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. कागद मिळत नसतील तर त्या इमारतीत रोज जाऊन बसणारा, आमदारांना नावानिशी ओळखणारा बातमीदार हाच काय तो आधार, मग त्याचा पगार कुणीही देवो.

नोव्हेंबर आला. दिवाळीच्या फराळाचे फोटो संपून आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर शांतता होती, तेवढ्यात हाउस बिल 10 आलं. खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी मदत मागणाऱ्यांची मोठी प्रतीक्षायादी होती, ती निकालात काढायला 46 कोटी 30 लाख डॉलर. त्याच बिलात शेरीफांनी, म्हणजे इथल्या काउंटीच्या पोलीसप्रमुखांनी, इमिग्रेशन खात्याला सहकार्य करायची सक्तीही होती. गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो मोडून काढला. ग्रुपवर एका वहिनींनी एक लिंक टाकली, दुसऱ्या एकांनी लगेच दुसरी. मी दोन्ही बाबांपुढे ठेवल्या.

त्यांनी बिलाकडे पाहिलंच नाही, शब्द मोजले. योजनेचं सरकारी नाव 'ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिप'. उजवीकडची मंडळी 'स्कूल चॉइस' म्हणतात, डावीकडची 'व्हाउचर'. एका बाजूला पैसा मुलाच्या मागे जातो, दुसऱ्या बाजूला सरकारी शाळेतून काढला जातो. रक्कम दोन्हीकडे तीच. बाबा म्हणाले, "जमा आणि नावे. नोंद एकच असते, कुणाच्या वहीत बघतोस त्यावर असतं."

मला वाटलं आता ते दोन्ही पेपर निकालात काढणार. तसं झालं नाही, कारण मधल्या काळात मी जुन्या बातम्या काढून वाचत होते.

2006 मध्ये कॅरोलिना जर्नलच्या डॉन कॅरिंग्टन यांनी तेव्हाचे गव्हर्नर माइक ईझली यांनी समुद्रकिनाऱ्यावर घेतलेल्या एका प्लॉटचा माग काढला. ईझली डेमोक्रॅट. मोठ्या पेपरांनी विषय जोरात उचलायला पुढे बराच वेळ लावला. चौकशीची चक्रं फिरत गेली, आणि 2010 मध्ये ईझली कोर्टात उभे राहिले, हेलिकॉप्टरचा एक प्रचारप्रवास हिशेबात दाखवला नाही या गुन्ह्यासाठी. दोष थेट कबूल न करता त्यांनी शिक्षा मान्य केली, दंड 1,000 डॉलर. आकडा छोटा आहे, पण माजी गव्हर्नरच्या नावावर फौजदारी गुन्हा लागला.

मे 2021 मध्ये पॉलिसी वॉचच्या जो किलियन यांनी बातमी फोडली, की चॅपल हिलच्या विद्यापीठाने पुलित्झर मिळालेल्या पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना प्राध्यापकपद देऊ केलं, पण त्या पदावर नेहमी मिळणारी कायम नेमणूक दिली नाही, कारण विश्वस्तांनी प्रस्ताव पुढेच सरकवला नाही. देशभर गदारोळ झाला. जूनच्या शेवटी विश्वस्तांनी 9 विरुद्ध 4 मतांनी नेमणूक मंजूर केली. त्यांनी ती नाकारली आणि हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. विश्वस्तांच्या नेमणुकांवर तेव्हा रिपब्लिकन विधिमंडळाचा वरचष्मा होता.

दोन्ही बातम्या खऱ्या, दोन्ही मेहनतीने काढलेल्या. फक्त एकीत सापडला तो पलीकडचा गव्हर्नर आणि दुसरीत पलीकडचे विश्वस्त. मी बाबांना म्हटलं, पैसा खोटं लिहायला लावत नाही, तो फक्त कुठे खणायचं ते दाखवतो. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. "तपासनीस म्हणून सांगतो," ते म्हणाले, "जे खातं कधी तपासायला काढतच नाहीत, तिथे बघायचं. दोन्ही पेपर ठेव. एकाने न काढलेलं दुसरा काढेल."

आणि मग त्यांनी विचारलं, पूर्वी तरी कुठे वेगळं होतं? इथला जुना मोठा पेपर, न्यूज अँड ऑब्झर्व्हर, कुणाचा होता?

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि ते वाईट आहे. 1894 मध्ये तो जोसेफस डॅनियल्स यांनी घेतला, डेमोक्रॅटिक पक्षाचा भोंगा म्हणूनच चालवला. तेव्हाचा तो पक्ष गोऱ्यांच्या वर्चस्वाचा. 1898 च्या निवडणुकीत त्या पेपराने पहिल्या पानावर काळ्या लोकांविरुद्ध विषारी व्यंगचित्रं छापली. 10 नोव्हेंबर 1898 ला विल्मिंग्टन शहरात गोऱ्या जमावाने निवडून आलेलं सरकार बंदुकीच्या जोरावर उलथवलं, माणसं मारली, आणि काळ्या संपादकाच्या डेली रेकॉर्ड या पेपरचं कार्यालय जाळलं. न्यूज अँड ऑब्झर्व्हरने आपल्या त्या भूमिकेबद्दल माफी मागितली 2006 मध्ये. रॉलीतला डॅनियल्सचा पुतळा 2020 मध्ये त्यांच्याच कुटुंबाने हलवला. निदान तो पेपर कुणाचा, हे 1898 मध्ये प्रत्येकाला माहीत होतं.

आजची अडचण तिथेच आहे. रॉलीतल्या दोघांची कुळकथा मला एका संध्याकाळी सापडली. पण न्यूजलाइन आता स्टेट्स न्यूजरूम या देशव्यापी जाळ्यात आहे. पॉलिसी वॉचचेच ख्रिस फिट्झसायमन यांनी ते उभं केलं. सुरुवातीला ते होपवेल फंड नावाच्या संस्थेच्या छत्राखाली होतं, तिथे मूळ देणगीदार दिसत नसत. 2019 मध्ये ते स्वतंत्र झालं. उजवीकडे सेंटर स्क्वेअर आहे. त्याची मूळ संस्था फ्रँकलिन सेंटर 2009 ची, आणि 2011 मध्ये तिच्या उत्पन्नातला सुमारे 95 टक्के पैसा डोनर्स ट्रस्टमधून आला होता. डोनर्स ट्रस्ट ही देणगीदाराचं नाव झाकून पैसा पुढे देणारी संस्था. नावंही बघा, सेंटर स्क्वेअर, कॅपिटल अमुक, तमुक मॉनिटर. वास म्हणून लागत नाही. शिवाय दोन्ही जाळ्यांच्या बातम्या कुठलाही छोटा पेपर फुकट छापू शकतो. खेड्यातल्या साप्ताहिकाकडे बातमीदार नाही, पान भरायचं आहे, बातमी आयती मिळते. वाचणाऱ्याला तो आपला गावचा पेपर वाटतो. खाली एक बारीक ओळ असते.

एका रविवारी मी अशा संस्थेचा फॉर्म 990 उघडला. करमाफी असलेल्या संस्थेला तो दरवर्षी भरावा लागतो आणि कुणालाही बघता येतो. बाबा चष्मा पुसून शेजारी बसले. संचालकांचे पगार, भाडं, प्रवासखर्च, सगळं व्यवस्थित. बाबा खूश झाले, "ताळेबंद चोख आहे हो." मग देणगीदारांची यादी शोधली. नावं जाहीर करायचं बंधन नाही, सार्वजनिक प्रतीत ती नसतातच. बाबांनी स्क्रीन वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"जमेच्या बाजूला नावंच नाहीत?"

"नाहीत, बाबा."

"आणि हे पास होतं?"

ते मार्चमध्ये परत गेले. परवा कपाट आवरताना त्यांची वही सापडली, विसरली की मुद्दाम ठेवली कोण जाणे. शेवटच्या पानावर पट्टीने आखलेला तक्ता. डावीकडे पेपरचं नाव, उजवीकडे 'कुणाचा'. कॅरोलिना जर्नलसमोर लिहिलंय, 'रोझेसवाले (बॅग चांगली)'. न्यूजलाइनसमोर, 'आधी टीव्हीवाल्यांचा नातू, नंतर मोठी कंपनी, विचारणे'. सेंटर स्क्वेअरसमोरची जागा कोरी, आणि समासात लाल पेनाने बँकेतला शेरा: 'व्हाउचर सादर केले नाही.'